कठड्यावरचा केसपेपर

"मावशी, ऐकलंत का? समोरच्या टॉवरमधल्या मॅडमनी आपला डबा बंद केला."

"का गं? मीठ जास्त पडलं?"

"मीठ कसलं! भूकच लागत नाही म्हणे. आठवड्यातून एकदा इंजेक्शन टोचून घेतात. बाजारात आलं तेव्हा साडेतीन हजारांचं एक होतं. महिन्याला चौदा हजार रुपये, आणि ते न जेवण्याचे! माझा डबा त्याच्या चौथाईतसुद्धा बसत होता, वर पोट भरत होतं ते वेगळंच."

लालबागच्या चाळीला कुंपण नसतं, गॅलरी असते. बारा नंबरच्या वहिनी पोळीभाजीचे डबे देतात. अकरा नंबरच्या मावशी केईएममधून स्टाफ नर्स म्हणून निवृत्त झाल्या, तरी चाळीतली जुनी माणसं त्यांना अजून सिस्टरच म्हणतात. दुपारी पाणी गेलं, भांडी पालथी पडली की दोघी कठड्याला टेकतात. एकीच्या हातात निवडायची मेथी, दुसरीच्या हातात पेपर.

"माऊंजारो असेल," मावशी म्हणाल्या. "२०२५ च्या मार्चमध्ये आलं आपल्याकडे. औषध वाईट नाही हो. मधुमेहाचं आहे, वजनही उतरवतं. ज्याची साखर हाताबाहेर गेलीय त्याला डॉक्टरनं दिलं तर जरूर घ्यावं. पण पुतणीच्या लग्नात ब्लाउज बसावा म्हणून टोचून घेणाऱ्यांना काय बोलायचं?"

"ब्लाउज मलाही बसत नाहीये."

"तुला जिना आहे ना. तीन मजले. फुकट."

"जिन्याचं आमच्या तात्यांना सांगा. सासरे आमचे, पण ऐकतात फक्त यूट्यूबचं. सध्या दीक्षित डाएट. दिवसातून दोनदाच जेवायचं आणि पंचावन्न मिनिटांत आटपायचं. डॉक्टर जगन्नाथ दीक्षितांची भाषणं तोंडपाठ. पण दोन जेवणांच्या मधे गिरगावात मित्राला भेटायला जातात, ते थेट ठाकूरद्वारच्या विनय हेल्थ होममध्ये. मिसळ खाऊन येतात. विचारलं तर म्हणतात, पाटीवर हेल्थ लिहिलंय, पथ्यातच बसतं."

"आणि तुझी नणंद?"

"ती ऋजुता दिवेकरवाली. दर दोन तासांनी थोडं थोडं, वर तुपाची धार. घरात एक जण दोनदा जेवणार, एक जण सहादा. ओटा मात्र एकच."

"दोघंही बिस्किटाचा पुडा सोडायला सांगतात बघ. आपण बाकी सगळं सोडतो आणि नेमका तेवढाच ठेवतो." मावशींनी मेथीची एक जुडी आपल्याकडे ओढली. "लोक म्हणतात, पूर्वीची गिरणीतली माणसं भाकरी नि कुळथाची पिठी खाऊन ठणठणीत होती. अगं, ती आठ तास मशीनसमोर उभी असायची. तात्या आठ तास मोबाइलसमोर बसतात. भाकरी तीच असली तरी साखर वाढणारच की. वर आपलं सुकट, पापड, लोणचं. महापालिकेनं २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेबरोबर पाहणी केली होती. मुंबईतल्या शंभर मोठ्या माणसांमागे चौतीस जणांचं बीपी वाढलेलं, अठरा जणांची उपाशीपोटीची साखर वाढलेली."

"अगो बाई! म्हणजे आपल्या मजल्यावर किती?"

"मजल्यावरचं मला पाहणीशिवाय माहीत आहे."

वहिनींनी कमरेची पिशवी उघडून एक चुरगळलेलं बिल काढलं. "हे बघा. तात्यांच्या महिन्याच्या गोळ्या. बीपीची, साखरेची, कोलेस्टेरॉलची. दर वर्षी बिल फुगतंच चाललंय."

मावशींनी चष्मा पुसून लावला. "मेडिकलवाल्याला विचारलंस का, हेच औषध दुसऱ्या कंपनीचं स्वस्तात आहे का?"

"छे! त्याला वाटेल यांच्याकडे पैसे नाहीत."

"नाहीतच ना?"

यावर वहिनींना उत्तर नव्हतं. मावशी बिलावर बोट ठेवून सांगू लागल्या. "हे मोठं नाव वाचू नकोस, ते कंपनीनं ठेवलेलं बारशाचं नाव. पाकिटावर त्याच्याजवळ बारीक अक्षरांत असतं ते वाच. मेटफॉर्मिन. टेल्मिसार्टन. ॲटॉर्व्हास्टॅटिन. औषध ते. जन औषधी केंद्रात हीच औषधं निम्म्याहून कमी किमतीत मिळतात."

"मग डॉक्टर तसं लिहून का देत नाहीत?"

"२०२३ च्या ऑगस्टमध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं नियम काढला होता, डॉक्टरांनी औषधाच्या मूळ नावानंच चिठ्ठी लिहायची. त्याच महिन्यात तो गुंडाळूनही ठेवला. डॉक्टरांचं म्हणणं असं की आम्ही नुसतं नाव लिहिलं तर कुठल्या कंपनीची गोळी द्यायची ते दुकानदार ठरवणार, मग दर्जाची हमी कुणी घ्यायची? म्हणणं पोकळ नाही. पण सध्या कोण ठरवतं? दवाखान्याच्या बाकावर काळी बॅग घेऊन बसलेला कंपनीचा एमआरच ना?"

"पण मावशी, खरं सांगू? स्वस्त म्हटलं की मला भीती वाटते. भेसळ असली तर?"

मावशींचा हात थांबला. "भेसळ किंमत बघून येत नाही. १९८६ सालची गोष्ट. भायखळ्याच्या जेजेमध्ये ग्लिसरीन म्हणून आलेल्या बाटल्यांत डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. विषच ते. १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. माल घेणारे, तपासणारे, सही करणारे, अन्न आणि औषध प्रशासन, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. आम्ही त्या दिवसांत वॉर्डात प्रत्येक बाटली उलटसुलट करून बघायचो. आणि २०२५ मध्ये तेच ग्लायकॉल मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पोरांच्या खोकल्याच्या औषधात सापडलं. काही लेकरं उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणली होती, तिथं गेली. ते कंपनीचं नाव छापलेलं सिरप होतं, जन औषधीचं नव्हे. तपासणारा जागा असला तर स्वस्त औषधही चांगलं, आणि तो झोपला असला तर महागाचंही विष."

एवढ्यात आतून काठीचा आवाज आला आणि तात्या उंबऱ्यात प्रकटले. गिरणी गेली, पण सभेत बोलायची सवय गेलेली नाही.

"किमतीचं मला विचारा! माझ्या छातीतली स्प्रिंग. नोटाबंदीच्या वर्षी बसवली, एका खासगी हॉस्पिटलात. नुसत्या स्प्रिंगचे लाखाच्या वर लावले. आणि पुढच्याच फेब्रुवारीत सरकारनं भाव बांधला!"

"२०१७," मावशींनी साल पुरवलं. "औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६०. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या वाटीचेही भाव बांधले."

"थोडं थांबलो असतो तर!"

"थांबला असतात तर आज हे बोलायला नसतात. पण बघ वहिनी, स्टेंट तोच, डॉक्टर तेच, हॉस्पिटलही तेच, आणि एका सरकारी कागदानं किंमत पाव झाली. म्हणजे आधीची किंमत स्टेंटची नव्हतीच. कुणी विचारत नव्हतं, त्याची होती."

"मग गोळ्यांचेही भाव बांधा म्हणावं."

"बांधलेत की. आवश्यक औषधांची यादी असते, त्यांना वरची मर्यादा. पण दर एप्रिलला महागाईच्या हिशेबानं ती मर्यादा हलते. २०२२ मध्ये पावणेअकरा टक्के वाढली, २०२३ मध्ये बारा टक्क्यांच्या वर. २०२४ मध्ये किती वाढली माहितीय? ०.००५५१ टक्के."

"एवढ्यात गोळीचा चुरासुद्धा यायचा नाही."

"आणि यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला दहा टक्के वाढवायची मुभा असतेच. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा. पण तो तुझ्या बिलात उतरलाय का, हे पुन्हा तूच बघायचं."

"मी एकटी बघून काय होणार? कंपनी मोठी, मेडिकलवाला मोठा. माझ्या एका पाकिटासाठी कोण भाव कमी करणार?"

"एकटीसाठी नाहीच करणार. एप्रिलमध्ये आपण मिरच्या कशा आणतो?"

"मिरची गल्लीतून. सगळ्या मिळून. बेडगी, संकेश्वरी एकदम घेतली की व्यापारी सरळ भावावर येतो. एकटी गेलं की तोंड वर करून बघतही नाही."

"टाटा हॉस्पिटलनं तेच केलं. देशभरातली कॅन्सर रुग्णालयं एकत्र बांधून नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं केलं, त्याचा कारभार आपल्या परळमधून चालतो. आधी एकेक रुग्णालय आपापलं औषध घ्यायचं, तेच औषध, भाव मात्र प्रत्येकाला वेगळा. मग सगळ्यांनी मिळून यादी केली, किती लागेल ते एकत्र मोजलं आणि कंपन्यांना एकदाच विचारलं, बोला, काय भाव? पहिल्या खेपेला चाळीस औषधं होती. ऐंशी टक्क्यांहून जास्त पैसे वाचले."

तात्यांनी काठी आपटली. "युनियन!"

"युनियनच म्हणा. फरक एवढाच की गेटवर सभा झाली नाही."

"आमचे डॉक्टरसाहेब असते तर खूश झाले असते. दत्ता सामंत. १९८२ चा गिरणी संप सगळ्यांना आठवतो, पण ते खरोखरीचे एमबीबीएस होते, आणि शिकले कुठं? इथंच, केईएमच्या कॉलेजात."

"विचारणारा निघाला की भाव उतरतो, हे मुंबईनं पूर्वीही बघितलंय," मावशी पुढं म्हणाल्या. "ब्लड कॅन्सरची ग्लिव्हेक नावाची गोळी. नोव्हार्टिस कंपनीची महिन्याला लाखाच्या वर, आपल्याकडच्या कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत. कंपनी पेटंट मागत होती. मिळालं असतं तर इथली स्वस्त गोळी बंद. हरकत कुणी घेतली? मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननं. सुप्रीम कोर्टानं १ एप्रिल २०१३ ला पेटंट नाकारलं. तारीख एप्रिल फूलची, निकाल मात्र खरा. आणि त्याच्याही आधी, २००१ मध्ये, मुंबई सेंट्रलच्या सिप्लाच्या युसूफ हमीदांनी एड्सची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. तेव्हा परदेशी कंपन्या त्याच उपचाराचे दहा हजार डॉलरांच्या वर घेत होत्या. आफ्रिकेतली माणसं वाचली ती त्या भावामुळे."

वहिनी जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण मावशी, औषध स्वस्त झालं तरी बाहेरगावच्या माणसानं राहायचं कुठं? टाटाच्या समोरच्या फुटपाथवर बघवत नाही. चुलीवर भात शिजतोय, बाजूला केस गेलेलं पोर झोपलंय."

"दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. आणि २०२१ विसरलीस? करी रोडच्या म्हाडाच्या इमारतींतली शंभर घरं टाटाच्या पेशंटच्या नातेवाइकांना द्यायची ठरली होती. शरद पवारांच्या हस्ते चाव्यासुद्धा दिल्या. मग रहिवाशांची हरकत आली आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकऱ्यांनी स्थगिती दिली."

"कोरोनाचे दिवस होते हो. बिल्डिंगीत रोज नवी माणसं येणार म्हटल्यावर बायका घाबरल्या."

"घाबरल्या, मान्य. त्यांचंही घर आहे. लगेचच बॉम्बे डाइंगच्या जागेतली शंभर घरं द्यायचं ठरलं, म्हणून वाद मिटला. पण मला सांग, आपण कुणाच्या जिवावर परळचे म्हणून मिरवतो? टाटा, केईएम, वाडिया, प्लेगची लस देणारं हाफकिन, सगळं आपल्या अंगणात. अख्खा देश इथं बरा व्हायला येतो. औषधाच्या बिलात खोलीचं भाडं, वडापाव, बुडालेली मजुरी कधी छापून येत नाही. गरीब माणूस उपचार अर्धवट टाकून जातो तो बहुतेक वेळा त्या न छापलेल्या बिलामुळे."

तात्यांनी खाकरून विषय बदलला. "सूनबाई, ते पोरीचं विचार सिस्टरना."

"काय विचारू? नीटमध्ये मार्क बरे पडले, पण सरकारी कॉलेज हुकलं. खासगीची फी ऐकून यांनी मला विचारलं, ही पाच वर्षांची का जन्माची? म्हटलं, पहिल्या वर्षाची. आता एक एजंट मागं लागलाय, जॉर्जियाला पाठवा म्हणतो."

"२०२२ मध्ये युक्रेनमधून पोरं कशी परत आली ते बघितलंस ना? कॉलेज अर्धवट, पैसे गेले. आणि पूर्ण करून आलं तरी इथं वेगळी परीक्षा, तिच्यात निम्म्याहून जास्त मुलं आपटतात. एजंट ते सांगत नाही." मावशी हसल्या, पण फार नाही. "गंमत बघ. केईएमचं कॉलेज निघालं १९२६ मध्ये. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतून देणगी आली ती एका अटीवर, शिकवणारे सगळे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत. इंग्रजांचं राज्य असताना ही अट! आपली माणसं डॉक्टर घडवू शकतात हे दाखवायला ते कॉलेज काढलं. आणि आज त्याच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर राहणारी पोर तिबिलिसीला जायचं म्हणते."

"सरकारी मिळालं असतं तर ती सुखी झाली असती?"

"सुखी? शिकून झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर दहा लाख भरा. मग एमडीला रात्रभर वॉर्ड, सकाळी पुन्हा ओपीडी, मधे नातेवाइकांच्या शिव्या. हॉस्टेलात खोलीला तीन-तीन पोरं. निवासी डॉक्टर संपावर गेले की पेपरवाले पेशंटचे हाल छापतात. ते छापावेतच, पण त्या पोरांना आदल्या महिन्यात डेंग्यू झाला होता तेही छापावं."

"मग काय करावं तिनं? नर्स व्हावं का?" वहिनी बोलून गेल्या आणि जीभ चावली.

"बोल, बोल. मी नर्सच आहे."

"तसं नव्हे मावशी..."

"तसंच. लग्नाच्या बाजारात डॉक्टर मुलगी म्हटलं की चहाबरोबर पोहे येतात, नर्स म्हटलं की नुसता चहा. मला ठाऊक आहे. पण जग बदलतंय. जर्मनीतल्या त्या लांबलचक नावाच्या राज्याशी, बाडेन-वुर्टेम्बर्गशी, महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये करार केला, त्यांना आपली शिकलेली माणसं हवीत, त्यात नर्स आल्या. आमच्या कितीतरी पोरी परदेशी गेल्या. इथं मात्र एकेका सिस्टरच्या वाट्याला वॉर्डभर पेशंट."

"ती म्हणते, मला माणसं बरी करायचीत, गोळ्या विकायच्या नाहीत."

"मग तिला व्हिनेगरची गोष्ट सांग. टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत काम सुरू केलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर लवकर कसा ओळखायचा? मोठी यंत्रं परवडत नाहीत, डॉक्टर पुरत नाहीत. तर दहावीपर्यंत शिकलेल्या बायका घेतल्या, त्यांना काही आठवडे शिकवलं आणि हातात दिलं व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड. ते लावल्यावर भाग पांढरा पडला तर पुढं तपासायला पाठवायचं. दीड लाख बायकांचा अभ्यास झाला. २०१३ मध्ये अमेरिकेत मोठ्या परिषदेत निकाल वाचला, तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. दहावी पास बायका आणि व्हिनेगर! माणसं बरी करायला एमबीबीएस हा एक रस्ता आहे, एकुलता एक नव्हे. नर्सिंग आहे, फार्मसी आहे, लॅब आहे. एक वर्ष पुन्हा नीट देऊ दे, पण जॉर्जियासाठी खोली गहाण टाकू नकोस."

वहिनींनी मेथीच्या काड्या कागदात गुंडाळल्या. डोक्यात बिलच फिरत होतं. "मावशी, आपल्या मजल्याची यादी करायची का? कुणाला कायमच्या कुठल्या गोळ्या लागतात त्याची. महिन्यातून एकदा एकानं सगळ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन जन औषधीत जायचं. नाहीतर प्रिन्सेस स्ट्रीटला जाऊन भाव काढायचा."

"आता कशी बोललीस! फक्त एक अट. गोळी बदलायची ती डॉक्टरला विचारून. परस्पर नाही. आणि चिठ्ठीशिवाय कुणाचं काही आणायचं नाही. यादी तुझ्या पोरीला करू दे. रोग, औषधाचं मूळ नाव, डोस, सध्याची किंमत, तिकडची किंमत. नीटच्या क्लासपेक्षा जास्त शिकेल."

"पण लोक देतील का नावं? आपला आजार चारचौघांत कोण सांगणार?"

"सात नंबरच्या भाऊंना काय आहे?"

"बीपी. भांडण झालं की गोळी घेतात."

"नऊ नंबरच्या आजी?"

"साखर. नातवाच्या वाढदिवसाला केक खाल्ला, मग दोन दिवस झोपून."

"चौदा नंबर?"

"मूळव्याध. त्यांना वाटतं कुणाला माहीत नाही."

"मग चाळीत लपलंय काय? हाक मार पोरीला."

पोरगी मोबाइल घेऊन आली, कठड्यावर चढून बसली आणि कोरा तक्ता उघडून म्हणाली, "पहिलं नाव कुणाचं?"

"माझं," मावशी म्हणाल्या. "थायरॉइड. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. लिही."

वहिनींच्या हातातली मेथी खाली पडली. "तुम्हाला थायरॉइड? कधीपासून?"

"खूप वर्षं झाली. बघ, भिंतीला भिंत लागून राहतेस, तरी तुला पत्ता नव्हता. मूळ नाव लिही गं, लेव्होथायरॉक्सिन. आणि ही यादी आधी बाकीच्यांकडून भरून आण. तोवर माझी ओळ चौदा नंबरला दाखवू नकोस."